पार्श्वभूमी : नवऱ्याच्या निवडणुकीत बायकोची परीक्षा

अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाच्या जोडीदाराबद्दल एक ओळही नाही. पद नाही, पगार नाही, मतपत्रिकेवर नाव नाही. तरीही दर चार वर्षांनी उमेदवाराबरोबर त्याच्या पत्नीचे कपडे, बोलणं, नोकरी, माहेर, सगळं तपासलं जातं. हे टीव्हीमुळे सुरू झालं असं अनेकांना वाटतं. पण ही रीत जवळपास दोनशे वर्षांची आहे आणि तिची सुरुवात फार क्रूर होती.

१८२८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्यात लढत होती. जॅक्सन यांच्या पत्नी रेचल यांचं आधी लुईस रोबार्ड्स यांच्याशी लग्न झालं होतं. ते टिकलं नाही. जॅक्सन यांची बाजू अशी की, घटस्फोट झाला या समजुतीने १७९१ च्या सुमारास आम्ही लग्न केलं. प्रत्यक्षात रोबार्ड्सना तेव्हा फक्त खटला भरण्याची परवानगी मिळाली होती. निकाल १७९३ मध्ये लागला आणि पुढच्या वर्षी जॅक्सन दांपत्याने पुन्हा रीतसर लग्न केलं. तीन दशकं उलटल्यावर सिनसिनाटीचे संपादक चार्ल्स हॅमंड यांनी हे उकरून काढलं. व्यभिचारी ठरलेली बाई आणि तिचा यार यांना या ख्रिस्ती देशाच्या सर्वोच्च स्थानी बसवायचं का, असा त्यांचा जाहीर सवाल होता. जॅक्सन समर्थकांनी नॅशव्हिलमध्ये समिती नेमून साक्षीपुरावे गोळा केले. म्हणजे एका बाईच्या तरुणपणातल्या संसाराची कागदपत्रं देशभर हातोहात फिरली. दुसऱ्या बाजूलाही हेच चाललं होतं: अ‍ॅडम्स यांच्या पत्नी लुइसा यांचा जन्म लंडनचा, म्हणून त्यांना परकी ठरवलं गेलं.

जॅक्सन जिंकले. पण शपथविधीच्या आधीच, २२ डिसेंबर १८२८ रोजी रेचल गेल्या. समारंभासाठी घेतलेल्या पोशाखातच त्यांना हर्मिटेज या त्यांच्या घराच्या बागेत पुरलं. निंदेने या बाईला जखम केली, पण तिची अब्रू घेता आली नाही, अशा अर्थाचे शब्द थडग्यावर कोरले आहेत. जॅक्सन यांनी विरोधकांना कधीच माफ केलं नाही. पुढे युद्धमंत्र्यांच्या पत्नी पेगी ईटन यांच्या चारित्र्यावरून वॉशिंग्टनमध्ये कुजबुज सुरू झाली, तेव्हा ते तिच्या मागे हट्टाने उभे राहिले. १८३१ मध्ये जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ त्यात कोसळलं.

बायकोचा उपयोगही करता येतो हे पक्षांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे पहिले उमेदवार जॉन फ्रेमाँट यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नी जेसी यांचंच आकर्षण जास्त होतं आणि ‘आमची जेसी’ अशा घोषणा सभांत घुमत होत्या. १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर यांनी पक्षाच्या शिकागोतल्या अधिवेशनात भाषण केलं, तर विरोधकांनी ‘आम्हाला एलेनॉरही नको’ असे बिल्ले काढले. १९५२ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार निक्सन यांच्यावर पैशांचे आरोप झाले, तेव्हा टीव्हीवर त्यांनी पत्नी पॅट यांच्या साध्या कापडी कोटाचा दाखला दिला. पॅट शेजारीच बसल्या होत्या, एक शब्दही न बोलता. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड स्वतःच्या खास रेल्वेगाडीने दक्षिणेकडे निघाल्या. वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा नुकताच झाला होता, गोरी दक्षिण खवळलेली होती, ठिकठिकाणी निषेधाच्या पाट्या होत्या. त्या प्रत्येक थांब्यावर उभ्या राहून बोलत राहिल्या. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठं धैर्य या प्रवासात दिसतं.

बायकोवरून नवऱ्याचीही पारख होते. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टरच्या एका वृत्तपत्राने, डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या एडमंड मस्की यांच्या पत्नी जेन यांच्याबद्दल वाईटसाईट छापलं. मस्की भर बर्फात त्या कार्यालयासमोर उभे राहून संतापाने बोलले, त्यांचा आवाज भरून आला. डोळ्यांत पाणी होतं की वितळलेला बर्फ, यावर वाद झाला, पण दुबळा माणूस हा शिक्का बसला तो बसलाच. १९८८ च्या वादचर्चेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस यांना, तुमच्या पत्नी किटी यांच्यावर बलात्कार करून खून झाला तर खुन्याला फाशी द्याल का, असं विचारलं गेलं. त्यांनी शांतपणे आपली फाशीविरोधी भूमिका मांडली, तर दगडासारखे आहेत असं ठरलं. रडला तरी गेला, न रडला तरी गेला. आणि त्या दोघी बायकांना काय वाटलं असेल, हे कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही.

१९९२ मधला प्रकार वरवर किरकोळ, पण फार बोलका आहे. उमेदवारी मागणाऱ्या बिल क्लिंटन यांच्या पत्नी हिलरी यांच्या वकिली फर्मला गव्हर्नर नवऱ्यामुळे फायदा झाला, असा आरोप वादचर्चेत झाला. दुसऱ्या दिवशी शिकागोत पत्रकारांनी छेडल्यावर त्या म्हणाल्या, घरी बसून कुकीज भाजता आल्या असत्या, चहापार्ट्या देता आल्या असत्या. पण मी व्यवसाय करायचं ठरवलं, नवरा राजकारणात येण्याआधीपासूनचा माझा व्यवसाय. दुसरं वाक्य हवेत विरलं, कुकीज राहिल्या. गृहिणींचा अपमान झाला म्हणून काहूर उठलं. ‘फॅमिली सर्कल’ मासिकाने मग तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश आणि हिलरी यांच्या पाककृतींची स्पर्धाच लावली. हिलरींच्या ओट्सच्या कुकीजमध्ये लोण्याऐवजी वनस्पती तूप होतं, आणि त्या जिंकल्या. येल विद्यापीठात कायदा शिकलेल्या बाईला वाचकांनी कुकीजवर गुण दिले, ही गोष्ट मला आजही खटकते.

नवरे या परीक्षेला उशिरा बसले आणि त्यांचा पेपर वेगळा निघाला. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा पती जॉन झकारो यांच्या कपड्यांची वा स्वयंपाकाची चौकशी झाली नाही. त्यांची करविवरणपत्रं मागितली गेली आणि पत्रकारांना उत्तरं द्यायला फेरारोच बसल्या. २०१६ मध्ये बिल क्लिंटन उमेदवाराचे पती होते. मासिकाच्या स्पर्धेत त्यांनी हिलरींचीच जुनी पाककृती दिली.

गैरहजेरीचा हिशेबही बदलला आहे. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या हॉवर्ड डीन यांच्या डॉक्टर पत्नी जूडिथ स्टाइनबर्ग रुग्ण सोडून प्रचाराला येत नव्हत्या, म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि शेवटी त्यांना टीव्हीसमोर यावंच लागलं. २०२४ मध्ये मेलानिया ट्रम्प प्रचारसभांत क्वचितच दिसल्या. त्यांचे पती निवडून आले.