पाळीचं रक्त 'खराब' असतं का?

"पाळीत शरीरातलं खराब रक्त बाहेर पडतं, म्हणून ते काळपट दिसतं," असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. रंग पाहून तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण हे रक्त अंगात वाहणारं नेहमीचंच. सोबत गर्भाशयाचं सुटलेलं अस्तर आणि स्राव. प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन घटलं की अस्तरातल्या नागमोडी धमन्या आकसतात, तिथे ऑक्सिजन कमी पडतो, अस्तर झडू लागतं. आणि याच कमतरतेमुळे पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जास्त बनवतात, जे नव्या रक्तवाहिन्या वाढवायचा निरोप देतं. झड सुरू असतानाच डागडुजीही सुरू! मला हे फार विलक्षण वाटतं. काळपटपणा येतो तो रक्त आत रेंगाळल्याने. पडताळायचंय? बोट कापलं तर कापसावरचा लाल थेंब दुसऱ्या दिवशी पाहा, तोही तपकिरी झालेला असतो.