ट्यूमिड ल्यूपस: नावाचा घोळ कुठून आला?

ल्यूपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, आणि ट्यूमिड हा त्याचा त्वचेवर उठणारा एक प्रकार. हे नाव 1909 चे, जर्मनीतले. 1930 मध्ये फ्रान्समध्ये आणखी काही रुग्णांचे वर्णन झाले, आणि नंतर कित्येक दशके हा प्रकार जवळजवळ विस्मरणात गेला. 2000 साली जर्मनीतूनच 40 रुग्णांची एकत्रित माहिती छापून आली, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ त्याच्याकडे पुन्हा वळले.

नाव वाचून रुग्णाला धडकी भरते, कारण 'ट्यूमर' कानाला अगदी शेजारचा वाटतो. लॅटिन मूळ खरोखरच एक आहे, पण अर्थ एवढाच की सुजलेला. चेहरा, मान, छाती, पाठ, दंड अशा उन्हात उघड्या पडणाऱ्या भागांवर लाल, फुगीर चट्टे उठतात, हाताला गुळगुळीत. वर खपली नाही, केसांच्या मुळाशी रुतलेला कोंडा नाही, आणि उतरला की मागे व्रण नाही. सावळ्या कातडीवर लाली दबते, त्यामुळे नुसता फुगवटाच नजरेत येतो आणि त्याला पित्ताच्या गांधी म्हणून मोकळे होतात. गांध मात्र एका दिवसात विरते. हा चट्टा आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो.

खरा वाद सूक्ष्मदर्शकाखालचा आहे. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला जिथे भेटतो, त्या सीमेवरच्या पेशींची पडझड ही त्वचेच्या ल्यूपसची ठरलेली खूण. ट्यूमिडमध्ये ती बहुधा नसतेच. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी रक्तवाहिन्या आणि केसांच्या मुळांभोवती गोळा होतात, मधल्या जागेत म्युसिन हा जेलीसारखा पदार्थ साचतो, सीमा मात्र शाबूत. मग याला ल्यूपस म्हणायचे कशाच्या जोरावर? 1953 साली वर्णन झालेला, लिम्फोसाइटच्याच दाटीचा एक आजार जवळपास असाच दिसतो, आणि दोन्ही एकच असे मानणारे आजही आहेत. रक्ततपासणीचाही आधार तोकडा: त्या 40 जणांत अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी (पेशींच्या केंद्रकावर उलटणारी, ल्यूपसमध्ये शोधली जाणारी प्रतिपिंडे) सुमारे 10 टक्क्यांतच सापडल्या.

ल्यूपसच्या बाजूने उभा राहिला तो उजेड. त्वचेच्या छोट्या भागावर अतिनील किरण सोडले, तेव्हा चाचणी केलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के जणांत तसाच चट्टा उठला, तोही काही दिवसांनी. हा उशीरच रुग्णाला चकवतो. ऊन कधीचे, चट्टा कधीचा, सांगड घालणार कोण? त्यातच त्वचेच्या ल्यूपसवर दिल्या जाणाऱ्या, हिवतापावरच्या जुन्या औषधांनी हे चट्टेही चांगले उतरतात.

2004 मध्ये त्वचेच्या ल्यूपसचे वर्गीकरण नव्याने मांडले गेले आणि ट्यूमिडसाठी चौथा गट सुचवला गेला: तीव्र, मध्यम, दीर्घकालीन यांच्या जोडीला 'अधूनमधून येणारा'. मला हा निर्णय पटतो. येतो, जातो, खूण ठेवत नाही, त्याला दीर्घकालीन गटातल्या, व्रण ठेवणाऱ्या डिस्कॉइड ल्यूपसच्या पंगतीत का बसवायचे? पण सर्वांगी ल्यूपसच्या (त्वचेपलीकडे आतल्या अवयवांनाही धरणाऱ्या प्रकाराच्या) 2012 च्या निकषांनी त्याला दीर्घकालीन गटातच ठेवले. 2019 च्या निकषांत त्वचेसाठी गुण आहेत ते तीव्र, मध्यम आणि डिस्कॉइड चट्ट्यांना. ट्यूमिडचे स्वतंत्र नाव तिथे नाही. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडण्याचे, निदानाचे नव्हेत. तरीही 'निकषात बसत नाही, म्हणजे ल्यूपस नाही' असे रुग्णाला सांगितले जाते, आणि ते चूक आहे.

बायोप्सीच्या कागदावर 'ट्यूमिड ल्यूपस?' एवढा प्रश्न लिहिला तरी फरक पडतो. नेहमीच्या रंगात म्युसिन रिकाम्या फटींसारखे दिसते आणि नजरेतून सुटते. शंका आधी कळली, तर प्रयोगशाळा त्याच तुकड्याचा छेद अल्शियन ब्लू या रंगानेही रंगवते आणि त्या फटी निळ्या होतात.