हॉकिंग यांचा आवाज वेगळा, स्विच वेगळा

स्टीफन हॉकिंग गालाच्या हालचालीने बोलत, असं सर्रास लिहिलं जातं. गालाने ते फक्त पडद्यावरची अक्षरं निवडत. बोलायचं काम दुसऱ्याच यंत्राकडे होतं.

एएलएस या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हॉकिंग यांना हे निदान 1963 मध्ये झालं. 1985 मध्ये न्यूमोनियातून जीव वाचवायला ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र, करावी लागली आणि उरलासुरला आवाजही गेला.

नंतर जगाने ऐकला तो स्पीच सिंथेसायझर. कॉलटेक्स्ट 5010 हे त्यांचं यंत्र, आणि त्यातला स्वर एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या कामातून आलेला. तयार मजकूर घ्यायचा आणि वाचायचा, एवढंच त्याचं काम. पुढे अधिक नैसर्गिक आवाज मिळत असूनही हॉकिंग यांनी हाच ठेवला, आणि त्यामुळे त्यांचा वेग कमी झाला नाही. वेळ खायचा तो स्विच, म्हणजे निवडीचा इशारा देणारं साधन.

पडद्यावर अक्षरांच्या ओळींवरून कर्सर आपोआप सरकतो. हवी ती ओळ आली की एक इशारा, त्या ओळीतलं अक्षर आलं की दुसरा. एका टप्प्याला एक सेकंद धरला, तर तिसऱ्या ओळीतलं चौथं अक्षर गाठायला सात सेकंद जातात. टप्पा लहान केला तर दमलेल्या स्नायूचा इशारा उशिरा पोचतो आणि पुढचंच अक्षर पकडलं जातं. मग ते खोडायला पुन्हा तीच फेरी. म्हणून खरी मदत होते ती शब्द सुचवण्याची: 2014 मध्ये जाहीर झालेल्या इंटेलच्या प्रणालीत त्यांच्याच लिखाणावरून शिकलेली सुचवणी होती आणि टायपिंगचा वेग दुपटीवर गेला.

सुरुवातीला बोटांनी बटण दाबून मिनिटाला सुमारे 15 शब्द होत. हात थकला, तेव्हा 2008 च्या सुमारास चष्म्यावर इन्फ्रारेड सेन्सर बसवून गालाची हालचाल टिपायला सुरुवात झाली. आवाज तोच राहिला, स्विच मात्र आजाराच्या मागोमाग बदलावा लागला.

आजच्या रुग्णासाठीही हे दोन हिशेब वेगळेच ठेवावेत. स्वतःचा आवाज जपायचा, तर रेकॉर्डिंग जीभ जड होण्याआधी केलेलं बरं. नंतर ते कठीण जातं. स्विच मात्र प्रत्येक स्नायू सैलावला की नव्याने बसवावा लागतो. आणि चष्म्यावरचा सेन्सर वापरणारा माणूस अचानक गप्प झाला, तर आधी चष्मा घसरलाय का ते बघा. सिंथेसायझर बहुधा धडधाकट असतो.