बासेलची स्विस इंडोअर्स: फेडररच्या आधीपासूनची गोष्ट

बासेलची स्विस इंडोअर्स, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात दर ऑक्टोबरला हॉलमध्ये होणारी पुरुषांची टेनिस स्पर्धा, म्हटलं की आपल्याकडे टेनिस बघणारा कुणीही लगेच फेडररचं नाव घेतो, आणि घ्यायलाच हवं, दहा टायटल्स आहेत त्याची तिथे. पण ही स्पर्धा फेडररमुळे उभी राहिली असा जो समज पसरलाय ना, तो साफ चुकीचा आहे. फेडररचा जन्म ऑगस्ट १९८१ चा, स्पर्धा सुरू झाली १९७० ला. तो जन्मायच्या आधीच त्या काळातले मोठे खेळाडू तिथे येऊन गेले होते, बोर्ग तिथे जिंकून गेला होता, व्हिलास जिंकून गेला होता, लेंडल आणि बोर्गची पाच सेटची फायनल पण होऊन गेली होती. खरं तर उलटं म्हणायला पाहिजे, या स्पर्धेने फेडरर घडवला, आणि स्पर्धा घडवली रॉजर याच नावाच्या दुसऱ्या एका माणसाने. रॉजर ब्रेनवाल्ड. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी तो काळ कसा होता ते बघू. १९६८ ला टेनिस ओपन झालं, म्हणजे प्रोफेशनल आणि अमॅच्युअर दोघांनाही एकाच स्पर्धेत खेळायची मुभा मिळाली, आणि त्यानंतर दोन-चार वर्षांत पैसा या खेळात धबधब्यासारखा यायला लागला. युरोपात ऑक्टोबर उजाडला की बाहेर थंडी, पाऊस, अंधार, क्ले कोर्ट बंद. मग खेळायचं कुठे, तर हॉलमध्ये. स्टॉकहोमची स्पर्धा १९६९ ला सुरू झाली, रॉटरडॅम १९७२ ला, व्हिएन्ना १९७४ ला. दोन-तीन वर्षांच्या अंतराने एकेका शहराने छपराखालचं टेनिस उभं केलं आणि वर्षाच्या शेवटाला एक अख्खा इंडोअर सीझनच तयार झाला. बासेल त्याच लाटेतलं, फक्त बाकीच्यांच्या मागे मोठे हॉल किंवा मोठे फेडरेशन होते आणि इथे होता एक तरुण पोरगा.

ब्रेनवाल्ड तेव्हा विशीत होता. त्याने १९७० ला पहिली स्पर्धा भरवली ती चक्क हवा भरून फुगवलेल्या तंबूसारख्या हॉलमध्ये. प्लास्टिकचं कापड, आतून हवेचा दाब आणि त्याच्याखाली टेनिस कोर्ट! पहिली काही वर्षं खेळाडू पण जवळपासचेच, जगातली मोठी नावं अजून लांब होती. अशा स्पर्धा त्या काळात गावोगावी निघाल्या आणि चार-पाच वर्षांत बंदही पडल्या. ही का नाही बंद पडली? माझं मत विचाराल तर दोन कारणं. एक म्हणजे तो माणूस हटला नाही, पन्नासपेक्षा जास्त वर्षं त्याच स्पर्धेच्या मागे उभा राहिला. आणि दुसरं म्हणजे १९७५ च्या सुमाराला स्पर्धेला कायमचं घर मिळालं, सांक्ट याकोब्सहाले.

हा हॉल म्हणजे शहराचा मल्टिपर्पज हॉल, हँडबॉल, कॉन्सर्ट, सगळं काही तिथेच, आणि वर्षातून एकदा आत टेनिसचं कोर्ट अंथरलं जातं. आजच्या हिशोबाने साधारण नऊ हजार माणसं बसतात. गंमत म्हणजे नाव बासेलचं असलं तरी हा हॉल मुंशेनस्टाइन नावाच्या शेजारच्या गावाच्या हद्दीत येतो, आणि फेडरर लहानाचा मोठा झाला तो याच मुंशेनस्टाइनमध्ये. म्हणजे आपण 'होम टूर्नामेंट' म्हणतो ते इथे अगदी शब्दशः खरं आहे.

हॉल मिळाल्यावर नावं यायला लागली. १९७६ ला यान कोडेश जिंकला, तोच जो १९७३ चा विम्बल्डन चॅम्पियन. आणि १९७७ ला स्पर्धा ग्रां प्री सर्किटमध्ये, म्हणजे तेव्हाच्या जगभरच्या मोठ्या स्पर्धांच्या मालिकेत आली, त्याच वर्षी ब्योर्न बोर्ग आला, फायनलला जॉन लॉइडला हरवलं आणि ट्रॉफी घेऊन गेला. बोर्ग तेव्हा सलग दोन विम्बल्डन जिंकलेला, जगातला सगळ्यात मोठा स्टार, तो तुमच्या गावात येऊन आठवडाभर खेळतो म्हटल्यावर स्पर्धेचं वजन एका रात्रीत बदलतं. पुढच्याच वर्षी व्हिलासने मॅकेन्रोला फायनलला हरवलं.

पण या सगळ्या जुन्या काळातली एकच मॅच निवडायची असेल तर मी १९८० ची फायनल निवडेन. बोर्ग तेव्हा २४ चा, सलग पाच विम्बल्डन झालेली. समोर इव्हान लेंडल, वीस वर्षांचा, चेकोस्लोव्हाकियाचा, अजून एकही ग्रँड स्लॅम नाही. लेंडलने पहिले दोन सेट ६-३, ६-२ असे घेतले. मग बोर्ग जागा झाला, तिसरा ७-५ आणि चौथा चक्क ६-०. इथे कुठलाही वीस वर्षांचा पोरगा कोसळला असता, समोर बोर्ग आहे, एकही गेम न देता सेट घेतलाय त्याने, पाचवा सेट तो कशाला सोडेल. आणि लेंडलने तो पाचवा सेट ६-४ ने काढला! पुढची दहा वर्षं ज्या लेंडलने गाजवली त्याची पहिली ठळक खूण म्हणून ही मॅच बघायला हवी. पुढच्या वर्षी पण तोच जिंकला.

ऐंशीचं दशक मग एडबर्गचं, १९८५, ८६ आणि ८८ अशी तीन टायटल्स, १९८२ आणि ८७ ला नोआ जिंकला, आणि १९८९ ला जिम कुरिअर नावाच्या एका नवख्या अमेरिकन पोराने एडबर्गलाच फायनलला हरवून आयुष्यातलं पहिलं टायटल घेतलं. १९९० ला मॅकेन्रो दोन सेटने मागे पडूनही इव्हानिसेविचकडून मॅच ओढून परत आला. आणि १९९१ ला याकोब हलासेक, प्रागमध्ये जन्मलेला पण स्वित्झर्लंडसाठी खेळणारा, त्याने मॅकेन्रोला हरवलं आणि स्पर्धा मोठी झाल्यापासून पहिल्यांदा घरच्या माणसाने ट्रॉफी उचलली.

आता जरा इंडोअर टेनिसबद्दल, कारण ते समजल्याशिवाय या यादीत हीच नावं का दिसतात ते कळणार नाही. हॉलमध्ये वारा नाही, ऊन नाही, सर्व्हसाठी बॉल वर उडवल्यावर डोळ्यात सूर्य येत नाही. म्हणजे ज्याची सर्व्ह चांगली त्याची सर्व्ह इथे अजून चांगली होते. त्यात जुन्या काळी कोर्ट असायचं कार्पेटचं, म्हणजे रबर किंवा कापडासारख्या सरफेसचे लांब रोल फळ्यांवर अंथरायचे, कडेला जोडायचे आणि स्पर्धा संपली की गुंडाळून ठेवायचे. बॉल त्यावर खाली राहायचा आणि सट्टकन निघून जायचा. बेकर, एडबर्ग, मॅकेन्रो, स्टिख हे लोक अशा कोर्टवर फुलायचे. नंतर हळूहळू कार्पेट मागे पडलं, २००९ पर्यंत एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या प्रोफेशनल टेनिसच्या संघटनेच्या, मुख्य टूरवरून गेलंच, आता सगळीकडे इंडोअर हार्ड कोर्ट. मला विचाराल तर कार्पेट जाण्याने खेळातला एक रंगच गेला, सर्व्ह मारून धावत नेटवर येणारा खेळाडू आता शोधावा लागतो.

आणि याच काळात, १९९२ आणि ९३ ला, कोर्टच्या कडेला बॉल उचलणाऱ्या पोरांमध्ये रॉजर फेडरर होता. ९२ ला बेकर जिंकला, ९३ ला स्टिखने एडबर्गला हरवलं. बेकर आणि एडबर्ग हे त्या पोराचे देव, आणि तो त्यांच्यापासून काही फुटांवर गुडघ्यावर बसून बॉल सरकवत होता. त्याची आई लिनेट पण या स्पर्धेत काम करायची. फायनल संपली की सगळ्या बॉल बॉईज आणि बॉल गर्ल्सना मेडल आणि पिझ्झा ही तिथली पद्धत, आणि नंतर स्वतः जिंकायला लागल्यावर फेडररने ती इतकी मनापासून पाळली, दर वर्षी पोरांच्या घोळक्यात बसून त्यांच्यासोबत पिझ्झा खायचा. तो फोटो बघितला नाही असा टेनिस फॅन सापडणं कठीण आहे. ट्रॉफी देणारे पाहुणे वगैरे ठीक आहे, पण या स्पर्धेचा जीव मला त्या पोरांच्या रांगेत दिसतो.

खेळाडू म्हणून तो पहिल्यांदा उतरला १९९८ ला, १७ वर्षांचा, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, आणि पहिल्याच राउंडला समोर आंद्रे आगासी! ६-३, ६-२ हरला. २००० ला फायनल गाठली, एन्क्विस्टकडून पाच सेटमध्ये हरला. २००१ ला परत फायनल, हेनमनने सरळ सेटमध्ये घालवलं. २००२ ला सेमीला नालबंदियानने हरवलं. २००३ ला विम्बल्डन जिंकून आला तर दुसऱ्या राउंडला ल्युबिचिचने काढलं. २००४ आणि २००५ ला दुखापतीमुळे खेळताच आलं नाही. विचार करा, नऊ ग्रँड स्लॅम झाली होती पण घरासमोरच्या हॉलमधली ट्रॉफी नाही. ती आली २००६ ला, आणि तीही सहज नाही, सेमीला थायलंडच्या पॅराडॉर्न श्रीचापनने त्याला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत नेलं होतं. फायनलला गोन्झालेसला हरवलं आणि मग धरणच फुटलं. २००६ ते २०१५ दर वर्षी फायनल, एकही वर्ष चुकलं नाही. त्यात २००९ ला जोकोविच आणि २०१२, १३ ला देल पोत्रो त्याला भारी पडले, २०१० ला त्याने जोकोविचची परतफेड केली, २०१५ ला नदालला तीन सेटमध्ये हरवलं. एकूण १५ फायनल, १० टायटल्स.

शेवटचं टायटल २७ ऑक्टोबर २०१९ चं. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, म्हणजे इकडे घराघरात दिवे लागत होते तेव्हा तिकडे तो डी मिनॉरला ६-२, ६-२ ने हरवून पोरांच्या घोळक्यात डोळे पुसत उभा होता. त्याच्या करिअरचं ते १०३वं टायटल आणि शेवटचंही, तेव्हा कुणाला माहीत होतं.

या दरम्यान बाकीच्या इंडोअर स्पर्धांचं काय झालं ते बघितलं की बासेलची किंमत कळते. लंडनची वेम्बलीची स्पर्धा १९९० नंतर गेली. फिलाडेल्फियाची यूएस प्रो इंडोअर, एके काळी केवढी मोठी, १९९८ ला संपली. स्टुटगार्टला मास्टर्स दर्जाची, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालच्या सगळ्यात मोठ्या श्रेणीची, इंडोअर होती ती २००१ पर्यंत, मिलान २००५ पर्यंत, लिऑन २००९ पर्यंत, मेम्फिस २०१७ पर्यंत. आपल्याला हे दुःख माहितीये. चेन्नईची स्पर्धा २०१८ ला बालेवाडीत आली, ती आउटडोअर होती ते सोडा, पण पुण्यात एटीपीची मॅच स्टेडियममध्ये बसून बघता येते याचा केवढा आनंद होता, आणि २०२३ नंतर तीही गेली. स्पर्धा टिकवायला स्पॉन्सर लागतो, सरकार लागतं, तारीख लागते, आणि सगळ्यात जास्त लागतो तो दर वर्षी परत उभा राहणारा माणूस. बासेलला २००९ पासून एटीपी ५०० चा, म्हणजे मास्टर्सच्या लगेच खालचा, दर्जा आहे, त्या आधी ती खालच्या श्रेणीत होती, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी बढती मिळाली. बासेलमधलीच सिगार कंपनी दाविदॉफ बरीच वर्षं मुख्य स्पॉन्सर होती, आणि तंबाखूचं नाव खेळावरून उतरलं हे मला व्यक्तिशः बरंच वाटतं.

कोविडमध्ये २०२० आणि २०२१ ला स्पर्धा झालीच नाही. फेडररने २०२२ ला बासेलमध्येच परत येईन असं जाहीर केलं होतं, पण गुडघ्याने साथ दिली नाही आणि सप्टेंबरमध्येच लंडनला लेव्हर कप या सांघिक स्पर्धेत खेळून तो निवृत्त झाला. सगळ्यांना वाटलं आता बासेलचं कसं होणार, तिकिटं कोण काढणार. तर ओजे-अलियासिमने २०२२ आणि २०२३ दोन्ही जिंकली. २०२४ ला जिंकला फ्रान्सचा म्पेत्शी पेरिकार, ६ फूट ८ इंच उंच, त्याची सर्व्ह बघितली की जुन्या कार्पेटच्या दिवसांची आठवण येते. आणि २०२५ ला ब्राझीलचा जोआव फोन्सेका, १९ वर्षांचा, फायनलला दाविदोविच फोकिनाला ६-३, ६-४ ने हरवून गेला.

आता बासेलची खरी चुरस आहे ती व्हिएन्नाच्या स्पर्धेशी. दोन्ही ५०० दर्जाच्या, दोन्ही इंडोअर, दोन्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि लगेच पुढे पॅरिसची मास्टर्स, त्यामुळे वरच्या खेळाडूंना दोन्हीपैकी एकच निवडावी लागते. सिनर व्हिएन्नाला जातो, २०२३ आणि २०२५ ला जिंकलाय तिथे. अल्काराझ २०२२ ला बासेलला आला होता, सेमीपर्यंत खेळला. पूर्वी गावचाच पोरगा जगातला एक नंबर होता म्हणून हा प्रश्न पडायचा नाही, आता मात्र दर ऑक्टोबरला ड्रॉमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या यादीत, कोण येतंय हे बघावं लागतं.