दाराजवळचा माग

माझा मावसभाऊ सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. मालकाकडे त्यानं पगारवाढीच्या आधी दाराजवळचा माग मागून घेतला. तिथून संडास बारा पावलांवर आहे. डब्याच्या पिशवीत भाकरीखाली एक जादा पँट घडी करून ठेवलेली असते.

शौचातून रक्त जातं म्हणून दीड वर्ष त्याच्यावर मूळव्याधीचे उपचार झाले. शेवटी दुर्बिणीतून मोठं आतडं पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला, तेव्हा निदान झालं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते, अस्तर सुजतं, त्यावर जखमा होतात. याच घराण्यातला क्रोन्स नावाचा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो आणि आपल्याकडे आतड्याच्या टीबीशी त्याची गल्लत होते. हे आजार औषधांनी कायमचे जात नाहीत, पण वर्षानुवर्षं शांत राहू शकतात.

घरचे रक्ताला घाबरतात. रुग्णाला विचारा, तो घाईबद्दल सांगेल. गुदाशय ही ताणणारी थैली आहे. मळ आला की ती सैलावते, म्हणूनच आपण 'थांब, हातातलं काम संपवून जातो' म्हणू शकतो. दाहानं ती ताठर आणि हळवी होते. चमचाभर आव साचली तरी निरोप जातो: आत्ताच्या आत्ता. जाऊन बसावं तर काही पडत नाही आणि कळ सुटत नाही. हे मनाचे खेळ नव्हेत, हे मला मावशीला तीनदा सांगावं लागलं.

मग थकवा. रक्त जातं तसं लोह जातं. शिवाय दाह चालू असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि ते अन्नातलं, गोळ्यांतलं लोह आतड्यातच अडवतं. अशा वेळी गोळ्यांनी भागत नाही, लोह शिरेतून द्यावं लागतं. 'आळशी झालाय' म्हणण्याआधी हिमोग्लोबिन बघा.

कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८९ साली या आजारांच्या रुग्णांसाठी ३२ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. पोटाच्या तक्रारींबरोबर ती झोप, उदासी, संडास जवळ नसेल ही धास्ती, टाळलेले कार्यक्रम, हेही विचारते. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी उपचारांची ध्येयं नव्यानं मांडली, तेव्हा आतड्याच्या जखमा भरण्याबरोबर रुग्णाचं जगणं पूर्ववत होणं हेही ध्येय ठरवलं. आपल्या ओपीडीत मात्र 'दिवसातून किती वेळा?' इथंच प्रश्न संपतात. सोलापुरात तर पाण्याचंही विचारायला हवं. नळ रोज येत नाही आणि घरातला एकजण दिवसातून दहा वेळा जातो. वहिनीनं त्याच्यासाठी वेगळं पिंप भरून ठेवलंय.

खाण्यावर सगळ्यांचे सल्ले असतात. आजार उसळलेला असताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोसत नाही, तेव्हा मऊ भात, वरण. शांत झाला की भाकरी परत ताटात येते; जन्मभराचं पथ्य करून माणूस नुसता वाळतो. जपायचं ते पाठदुखीच्या गोळ्यांना. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आजार पुन्हा उसळू शकतो, त्या डॉक्टरांना विचारूनच.

बरं वाटलं म्हणून त्यानं मेसालामाइन हे आतड्याचा दाह आवरणारं औषध मध्येच सोडलं होतं. काही महिन्यांत रक्त परत आलं. आता त्या गोळ्यांची पट्टी डब्याच्या पिशवीतच असते, त्या पँटच्या घडीत. यंदा संक्रांतीला गड्डा यात्रेत तो दोन तास फिरला. निघण्याआधी मी जाऊन संडास कुठं आहे ते बघून आलो होतो.