काइमेरा म्हणजे संकर नव्हे

डुकराच्या किंवा माकडाच्या भ्रूणात मानवी पेशी वाढवल्याची बातमी आली की ‘संकरित भ्रूण’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो चुकीचा आहे आणि ही चूक किरकोळ नाही.

संकर होतो तो अंडपेशी आणि शुक्रपेशी यांच्या मीलनातून. घोड्याची ६४ गुणसूत्रे, गाढवाची ६२, तर खेचराच्या प्रत्येक पेशीत दोघांची निम्मी-निम्मी मिळून ६३. काइमेरात असे होत नाही. तिथे दोन जातींच्या पेशी एका शरीरात शेजारी नांदतात. मेंढीच्या पेशीत ५४ गुणसूत्रे असतात, शेळीच्या पेशीत ६०. १९८४ साली या दोघींच्या भ्रूणांतील पेशी एकत्र वाढवून जन्माला घातलेल्या पिलांत काही पेशी ५४च्या होत्या, काही ६०च्या. अंगावरही कुठे लोकर, कुठे केस. पुढे बोट्सवानात मेंढा आणि शेळी यांच्या मीलनातून खरोखरीचा संकर जन्मला, तेव्हा त्याच्या पेशींत ५७ गुणसूत्रे आढळली. इंग्रजीत या दोन्ही प्राण्यांना ‘गीप’च (गोट आणि शीप यांचे मिश्रण) म्हटले गेले, म्हणजे घोळ एकट्या मराठीतला नाही.

कायदेही यातून सुटलेले नाहीत. ब्रिटनच्या मानवी भ्रूणांविषयीच्या २००८च्या कायद्याने संकर, काइमेरा आणि प्राण्याच्या अंडपेशीत मानवी केंद्रक घालून केलेले भ्रूण एकाच व्याख्येत कोंबले. पण ज्या भ्रूणात प्राण्याचा वाटा मोठा, ते या व्याख्येबाहेर राहिले. आज वाद पेटतो तो नेमका अशा भ्रूणांवरून. व्याख्या शब्दाला घाबरून केली की असे होते.

काइमेराच्या प्रयोगांची सुरुवात १९६०च्या दशकात उंदरांच्या भ्रूणांपासून झाली, पण तिथे दोन्ही भ्रूणे एकाच जातीची होती. १९६९मध्ये कोंबडीच्या भ्रूणात लावापक्ष्याच्या पेशी रोवल्या गेल्या आणि कोणती पेशी कुठे पोहोचते हे पाहता आले. भिन्न जातींचा गर्भ गर्भाशयात टिकवण्यात खरी अडचण वारेची (प्लासेंटाची) असते. वार मातेच्याच जातीच्या पेशींची असेल, तर परक्या पेशीही गर्भात तगून जाऊ शकतात.

२०१०मध्ये या प्रयोगांना वेगळाच हेतू मिळाला: एका जातीच्या शरीरात दुसऱ्या जातीचा अवयव वाढवणे. मराठीत माऊस आणि रॅट दोन्ही उंदीरच, पण या जाती एकमेकींपासून बऱ्याच दूरच्या. स्वादुपिंड घडवणारे जनुक निकामी केलेल्या माऊसच्या भ्रूणात रॅटच्या मूलपेशी (ज्यांपासून शरीरातील कोणतीही पेशी घडू शकते अशा पेशी) घातल्या. त्यांनी रिकामी जागा भरली आणि माऊसच्या शरीरात रॅटचे स्वादुपिंड तयार झाले. २०१७मध्ये उलट प्रयोग झाला. रॅटमध्ये वाढलेल्या माऊसच्या स्वादुपिंडातील पेशी मधुमेही माऊसमध्ये रोवल्यावर त्यांनी त्याची रक्तशर्करा वर्षभराहून अधिक काळ ताब्यात ठेवली. त्याच वर्षी आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली. रॅटला पित्ताशय नसते, तरी रॅटच्या पेशींनी माऊसच्या पित्ताशयाच्या घडणीत वाटा उचलला.

माणसाच्या पेशी मात्र सहज रुळल्या नाहीत. २०१७मध्ये मानवी पेशी घातलेली डुकराची २,०७५ भ्रूणे डुकरिणींच्या गर्भाशयात सोडली गेली, त्यांतली १८६ वाढली आणि त्यांत मानवी पेशी लाखात एकीहूनही कमी होत्या. २०२१मध्ये माकडाच्या १३२ भ्रूणांत प्रत्येकी २५ मानवी पेशी घातल्या. प्रयोगशाळेतल्या बशीत १९व्या दिवशी त्यांतली तीनच जिवंत होती.

धोरणे या काळात दोन दिशांना गेली. अमेरिकेने २०१५मध्ये अशा संशोधनाचा सरकारी निधी थांबवला. जपानने २०१९मध्ये असे भ्रूण १४ दिवसांपलीकडे न वाढवण्याची मर्यादा उठवली आणि असे भ्रूण प्राण्याच्या गर्भाशयात वाढवण्याची वाट मोकळी केली. अवयवांची वाट पाहत माणसे मरतात, हे लक्षात घेता मला जपानचा निर्णय अधिक समंजस वाटतो.

आता प्रश्न आहे तो मानवी पेशी अवयवातच राहतील की मेंदूत आणि प्रजननपेशींतही शिरतील, हा. २०२३मध्ये मूत्रपिंडाची जनुके काढलेल्या डुकराच्या गर्भांत घडू लागलेल्या प्राथमिक मूत्रपिंडात ५० ते ६० टक्के पेशी मानवी होत्या. गर्भ २८ दिवसांच्या आत काढून तपासले गेले. मेंदू आणि मज्जारज्जूत मोजक्याच मानवी पेशी सापडल्या.