दोन लास वेगास: एक नेवाडातलं, एक न्यू मेक्सिकोतलं

अमेरिकेत ट्रेनने थेट लास वेगासला उतरायचं म्हणाल तर कॅसिनोवाल्या लास वेगासला पोचणारच नाही तुम्ही. तिथली पॅसेंजर गाडी १९९७ मध्येच बंद झाली. अ‍ॅमट्रॅक या अमेरिकेच्या पॅसेंजर रेल्वे कंपनीची साउथवेस्ट चीफ ही गाडी शिकागो ते लॉस एंजेलिस जाताना रोज ज्या लास वेगासला थांबते ते न्यू मेक्सिको राज्यात, राजधानी सँटा फेपासून साधारण ६५ मैलांवर आहे आणि वस्ती आहे जेमतेम १३ हजार. नाव तेच, दोन्ही आपापल्या काउंटीची मुख्यालयं, दोन्हींचं नशीब रेल्वेने ठरवलं, त्यामुळे घोळ होणारच. पण माझं स्पष्ट मत आहे, वयाने आणि इतिहासाने थोरलं गाव हे न्यू मेक्सिकोतलंच.

काउंटी सीट म्हणजे साधारण आपल्याकडचं जिल्ह्याचं ठिकाण. कोर्ट, शेरीफचं ऑफिस, जमिनीचे कागद, प्रॉपर्टी टॅक्स सगळं तिथे. नेवाडातलं वेगास क्लार्क काउंटीचं ठिकाण, काउंटीची लोकसंख्या २२ लाखांच्या वर. न्यू मेक्सिकोतलं सॅन मिगेल काउंटीचं, तिथे सगळे मिळून २७ हजार. अजून एक गंमत म्हणजे ज्या स्ट्रिपचे, म्हणजे मोठमोठ्या कॅसिनोंच्या रस्त्याचे, फोटो आपण लास वेगास म्हणून टाकतो ती बहुतेक सगळी लास वेगास शहराच्या हद्दीत येतच नाही, पॅराडाइज नावाच्या भागात येते आणि तिथला कारभार काउंटी बघते. म्हणजे तिथे गाव आणि काउंटी कुठे सुटी होतात ते पर्यटकाला कळतच नाही, तर छोट्या वेगासमध्ये काउंटीचं कोर्ट, हायलँड्स युनिव्हर्सिटी आणि राज्याचं मानसोपचार हॉस्पिटल यांच्यावरच गावातल्या कितीतरी घरांची चूल पेटते.

नेवाडाचं आधी पटकन सांगते. १८५५ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तिथे एक छोटा किल्ला बांधला होता पण तो लवकरच सोडून दिला, खरं गाव वसलं ते १९०५ च्या मे महिन्यात, रेल्वे कंपनीने प्लॉट लिलावात विकले तेव्हा. १९३१ मध्ये जुगार कायदेशीर झाला, शेजारी हूव्हर धरणाचं काम सुरू झालं आणि मग जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

न्यू मेक्सिकोतलं गाव वसलं १८३५ मध्ये, तेव्हा हा सगळा मुलूख मेक्सिकोचा होता. सरकारने वस्ती करणाऱ्यांना जमीन दिली, प्रत्येकाला घराची आणि शेतीची वेगळी आणि बाकीचं प्रचंड माळरान आणि जंगल सगळ्यांचं सामाईक, गुरं चारा, लाकूड आणा. मध्ये चौक म्हणजे प्लाझा, भोवती मातीच्या विटांची घरं. सँटा फे ट्रेल या जुन्या व्यापारी वाटेवरून येणारे व्यापाऱ्यांचे तांडे इथे थांबायचे. मेक्सिकोशी युद्ध सुरू असताना १५ ऑगस्ट १८४६ ला अमेरिकन जनरल कार्नी याच प्लाझावरच्या एका घराच्या सपाट छपरावर चढला आणि खाली जमलेल्या लोकांना सांगितलं की आजपासून तुम्ही अमेरिकेचे, आणि माझे सैनिक तुमची एक मिरची किंवा एक कांदासुद्धा पैसे दिल्याशिवाय घेणार नाहीत. मिरची-कांदा वाचलाही असेल पण जमीन नाही वाचली.

कारण ४ जुलै १८७९ ला रेल्वे आली. कंपनीने स्टेशन प्लाझाजवळ न बांधता गायिनास नदीच्या पलीकडे मैलभर पूर्वेला बांधलं, आणि तिथे बघता बघता वेगळंच गाव उभं राहिलं, लाल विटांच्या दुकानांचं, व्हिक्टोरियन घरांचं, इंग्रजी बोलणाऱ्यांचं. पश्चिमेला जुनं स्पॅनिश बोलणारं गाव, पूर्वेला नवं, मध्ये नदी आणि पूल. त्याच सुमारास बाहेरून आलेल्या आणि काही स्थानिक पैसेवाल्यांनी सामाईक माळाला तारेची कुंपणं घालायला सुरुवात केली, मग १८८९ मध्ये पांढरी फडकी तोंडावर बांधलेले घोडेस्वार रात्री येऊन मैलच्या मैल तारा कापून टाकायला लागले. त्यांना लास गोरास ब्लांकास, म्हणजे पांढऱ्या टोप्या, म्हणायचे. हुआन होसे एरेरा आणि त्याचे भाऊ पुढे होते. पकडले गेलेल्यांविरुद्ध साक्ष द्यायला कोणी तयार व्हायचं नाही, इतका लोकांचा पाठिंबा. पुढाऱ्यांनी नंतर निवडणुकीचा मार्गही धरला तरी बहुतेक सामाईक जमीन शेवटी हातची गेलीच, आणि मला हा या गावाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, नुसत्या काउबॉयच्या गोष्टी सांगून तो झाकला जातो याचं वाईट वाटतं.

रेल्वेने दिलं ते काढूनही घेतलं. १९०८ मध्ये मालगाड्यांसाठी दक्षिणेकडून सपाट रस्ता झाला आणि इथला मोठा ट्रॅफिक वळला. तरी रुळाला लागून असलेलं कास्तान्येदा हॉटेल, १८९८ चं, जिथे १८९९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते) आपल्या रफ रायडर्स या घोडदळातल्या सैनिकांना भेटायला आले होते, ते कितीतरी वर्षं बंद राहून २०१९ मध्ये परत सुरू झालं. पैसा आटल्यामुळे जुन्या इमारती पाडून नव्या बांधायची वेळच आली नाही, म्हणून आज ९०० हून जास्त इमारती राष्ट्रीय वारसा यादीत आहेत.

आणि नदीच्या दोन काठांवरची ती दोन गावं? चक्क १९७० पर्यंत कायद्याने वेगळी होती, दोन महापौर, दोन कारभार. नंतर एक झाली पण शाळांचे बोर्ड आजही दोन, पूर्वेला रॉबर्टसन हायस्कूल, पश्चिमेला वेस्ट लास वेगास हायस्कूल, आणि १३ हजारांच्या गावात या दोघांच्या मॅचला कोण कुठे बसतं यावरून घर नदीच्या कुठल्या बाजूला ते कळतं.

२०२२ मध्ये नदीने दोन्ही बाजूंना सारखंच रडवलं. वनखात्याने मुद्दाम लावलेल्या, नियंत्रणात ठेवायच्या आगी हाताबाहेर गेल्या, हर्मिट्स पीक आणि काफ कॅन्यनच्या आगी एक होऊन ३ लाख ४१ हजार एकर जळलं, राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग. मग पावसाने ती राख गायिनासमध्ये आणली, गावाचं पिण्याचं पाणी तिच्यावरच, प्लांटला ते शुद्ध करता येईना आणि जुलैअखेर ५० दिवसांपेक्षा कमी साठा उरला म्हणून आणीबाणी जाहीर करावी लागली.

मराठी माणसांसाठी एक धागा आहे. गावाबाहेर मॉन्टेझुमाला १८८० च्या दशकातलं जुनं रेल्वे हॉटेल आहे, त्या आवारात १९८२ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज भरतं, म्हणजे आपल्या मुळशीजवळच्या महिंद्रा कॉलेजचीच बहीण. मुलाला किंवा मुलीला तिथे अ‍ॅडमिशन मिळाली तर विमान अल्बुकर्कीचं काढा, तिथून रस्त्याने १२० मैल. हॉटेल बुक करताना राज्य एनएम आहे की एनव्ही आणि पिनकोड ८७७०१ आहे ना एवढं बघा, कारण ८९१ ने सुरू होणारा असला तर तुम्ही दुसऱ्याच वाळवंटात जाताय.